सेकंडहँड ॲक्रिलिक फिशटँक : पॉलिश आणण्याआधी पांढरेपणा ओळखा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिकमधील एक रेस्टॉरंट बंद होत असताना तिथला चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असा १० मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिक फिशटँक आपण विकत घेतलात. तो सुमारे दीड वर्ष गोदामात कोरडा पडून होता. आतून त्यावर पांढरी पापडी चढलेली आहे, समोरच्या बाजूला ओरखडे आहेत आणि वरच्या पट्टीजवळ एका कोपऱ्यात केसांसारख्या बारीक रेषा दिसतात. बाहेरची अर्धी बाजू आपण खिडक्या पुसण्याच्या स्प्रेने पुसलीत, तर ती चमकण्याऐवजी अधिकच धुरकट झाली. आता कोणते पॉलिश आणावे आणि गोल्डफिश कधी सोडता येतील, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात टाक्या बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ॲक्रिलिक टाक्यांपैकी बऱ्याच टाक्यांचे नुकसान आधीच्या मालकाने केलेले नसते. नव्या मालकाने पहिल्या रविवारी उत्साहाने केलेल्या साफसफाईत ते झालेले असते. त्यामुळे पॉलिशचा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो. ही टाकी अडीचशे लिटर पाणी धरून ठेवेल का, हा आपला खरा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की जो पांढरेपणा आपल्याला दिसतो आहे तो नेमका कशाचा आहे. या दोहोंची उत्तरे मिळेपर्यंत तो स्प्रे कृपया कपाटात ठेवून द्या. काच पुसण्याच्या अनेक द्रवांमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असते आणि ही दोन्ही ॲक्रिलिकला मानवत नाहीत. पितळ चमकवण्याच्या द्रवातही अमोनिया असतो. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, स्पिरिट आणि सॅनिटायझर यांनाही या टाकीपासून दूरच ठेवावे.

हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका दवाखान्यातून आलेल्या टाकीवरील स्टिकरचा डिंक काढण्यासाठी मी बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपरा पुसला. संध्याकाळी टाकी स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडले आणि उन्हाची तिरीप त्या कोपऱ्यावर पडली, तेव्हा आतमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या चंदेरी रेषा पसरलेल्या दिसल्या. त्यांचा एक धागाही मला पुन्हा पुसता आला नाही. डिंक काढायला आता मी खोबरेल तेल वापरतो. तेल लावून अर्धा तास थांबावे, अंगठ्याने डिंक गोळा करावा आणि मग भांड्यांच्या साबणाने तेल धुऊन टाकावे. वेळ लागतो, पण दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होत नाही.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढची बरीच कामे आपोआप उलगडतात. ॲक्रिलिक हे काचेसारखे दिसणारे प्लॅस्टिक आहे. काचेच्या निम्म्याहून कमी वजन आणि उत्तम पारदर्शकता हे त्याचे गुण आहेत. आपली रिकामी टाकी साधारण २८ किलोची असेल, तर तशीच १० मिलिमीटर काचेची टाकी दुपटीहून जड भरली असती. मात्र ॲक्रिलिक काचेपेक्षा खूप मऊ असते आणि त्याच्या अंगात ताण साठून राहतो. शीट कापताना, कड घासताना, जोड बसवताना, तसेच वर्षानुवर्षे पाण्याच्या दाबाने बाहेर फुगत राहिल्याने हा ताण येतो. ताणलेल्या जागी स्पिरिटसारखा द्रव लागला, की तो ताण बारीक तड्यांच्या रूपाने मोकळा होतो. धंद्यात यालाच क्रेझिंग म्हणतात. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली शीट हे बरेच सहन करते, तर एक्सट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली शीट लवकर हार मानते. आपली टाकी कोणत्या शीटची आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणून ती नाजूक आहे असे गृहीत धरूनच चालावे.

आता पांढरेपणाकडे वळू. जुन्या टाकीवर चार निरनिराळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. खडखडीत कोरडी पापडी, जी मुख्यतः पाण्याच्या जुन्या पातळीच्या रेषेवर जाड असते, ती क्षारांची. तिच्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून भिंगातून पाहिले तर बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. करडा-हिरवट, नखाने पापुद्र्यासारखा सुटणारा थर वाळलेल्या शेवाळाचा असतो आणि तो कोमट पाण्यात भिजला की सुटतो. तिसरा प्रकार ओरखड्यांचा. तिथे नख फिरवले की अडकते किंवा निदान खरखर जाणवते. चौथे क्रेझिंग. वरून हात फिरवला तर पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत लागतो, पण अंधारात टॉर्च तिरका धरला की त्या रेषा एका विशिष्ट कोनात एकदम चमकतात आणि टॉर्च जरा हलवला की नाहीशा होतात. आपल्या कोपऱ्यातील रेषा कोणत्या जातीच्या आहेत, हे आज रात्रीच दिवे बंद करून पाहून घ्या. बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे.

रेषा क्रेझिंगच्या असतील तर निर्णय त्यांच्या जागेवर ठरतो. वरच्या पट्टीच्या मोकळ्या भागात, जोडापासून दूर अशा चार-दोन उथळ रेषा असतील, तर अशा टाक्या मी वर्षानुवर्षे चाललेल्या पाहिल्या आहेत. रेषा पट्टी आणि भिंत यांच्या जोडातून निघून खाली उतरत असतील किंवा उभ्या कोपऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात असतील, तर मी ती टाकी माशांसाठी वापरणार नाही आणि ग्राहकालाही वापरू देणार नाही. तिचे टेरेरियम, म्हणजे माती घालून झाडे लावण्याची पेटी, छान होते. क्रेझिंग पॉलिशने जात नाही, कारण ते शीटच्या आत उतरलेले असते. तेवढे घासायचे म्हटले तर भिंतच पातळ होईल. कोणी हेअर ड्रायर किंवा हीट गन फिरवून ते घालवून देतो म्हणाले, तर त्याला टाकीला हात लावू देऊ नका. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि एका जागी दिलेल्या उष्णतेने जुन्या ताणात नव्या ताणाची भर पडते.

टाकी दीड वर्ष कोरडी होती, ही गोष्ट आपण ओघात लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. ॲक्रिलिक अगदी थोडे, पण निश्चितपणे पाणी शोषते. वर्षानुवर्षे भरलेल्या टाकीची आतली बाजू किंचित फुगलेली असते. टाकी रिकामी होऊन वाळली की तोच थर आकसतो आणि पृष्ठभागावर ताण येतो. बर्लिनमधील एका हॉटेलात असलेली दहा लाख लिटरची ॲक्रिलिकची उभी नळकांडी टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली, हे आपल्याला आठवत असेल. तज्ज्ञांच्या तपासणीत एकच एक कारण सिद्ध झाले नाही. परंतु ज्या तीन शक्यता मांडल्या गेल्या, त्यांत निकामी झालेला जोड आणि दुरुस्तीच्या वेळी पडलेली खाच यांच्याबरोबर टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक वाळणे ही तिसरी शक्यता होती. आपल्या चार फुटी टाकीची त्या अवाढव्य टाकीशी तुलना होऊ शकत नाही, पण पदार्थ तोच आहे. म्हणूनच कोरडी टाकी मी एका दिवसात काठोकाठ भरत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात धुण्याने करावी, पुसण्याने नव्हे. तळाशी आणि कोपऱ्यांत वाळूचे कण अडकलेले असतात. त्यावर कोरडे फडके फिरवले तर प्रत्येक कण समोरच्या भिंतीवर आपली सही करून जातो. टाकी अंगणात किंवा गच्चीवर सपाट फळीवर ठेवून नळीच्या धारेने आधी सगळी रेती वाहू द्या आणि मगच जुन्या सुती बनियनचे मऊ कापड हातात घ्या. तारेची घासणी तर नकोच, पण भांड्यांच्या स्पंजची हिरवी खरखरीत बाजूसुद्धा नको. हातात रबरी मोजे घाला. माशांच्या टाक्यांत राहणारे मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचे जिवाणू कापलेल्या त्वचेतून शिरले तर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी होतात आणि जुन्या टाकीचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही.

क्षारांच्या पापडीसाठी साधे पांढरे व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पुरते. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ३० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून मी काम करतो. बहुतेक लोक इथे जोर लावतात, पण जोराची गरज नसते, वेळेची असते. उभ्या भिंतीवर लावलेला द्रव ओघळून जातो, म्हणून दोघांनी मिळून टाकी त्याच भिंतीवर आडवी करावी, म्हणजे भिंत तळाच्या जागी येते. खाली जुनी चादर घालायला विसरू नये. मग पापडीवर टिश्यू पेपर अंथरावेत, ते द्रवाने चिंब करावेत आणि वाळू नयेत म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद पसरावा. तासाभराने कागद उचलला की खालची पापडी ओल्या खडूसारखी मऊ झालेली असते आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने अलगद सरकते. बोअरच्या पाण्याचे क्षार जाड असतील तर हाच प्रकार तीन-चार वेळा करावा लागतो. चारही भिंतींना दोन सुट्ट्यांचे दिवस सहज जातात. शौचालय साफ करण्याचे तीव्र ॲसिड वापरून हे काम दहा मिनिटांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. शेवटी टाकी तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावी, कारण पुढे आपण ब्लीच वापरणार आहोत आणि आम्ल व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

टाकी स्वच्छ झाली की पॉलिश करायचे नाही, पाणी भरायचे. हा क्रम अनेकांना उलटा वाटतो, पण गळणाऱ्या टाकीला आठ तास घासून चमकवण्यात काय अर्थ आहे? चाचणी घराबाहेर घ्यावी, कारण आपल्या टाकीत सुमारे अडीचशे लिटर, म्हणजे तेवढ्याच किलोंचे पाणी मावते. पाणी दीड फूट उंच असताना समोरच्या भिंतीवर एकूण सव्वाशे किलोंच्या आसपास जोर पडतो. तळाजवळ हा दाब सर्वाधिक असतो आणि तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. लांबी वाढली की भिंत अधिक फुगते, पण तळाचा दाब तोच राहतो.

टाकीखाली १८ मिलिमीटरचा सपाट प्लायवूड आणि त्यावर पातळ फोमची शीट घाला. ॲक्रिलिकच्या तळाला सगळीकडून आधार हवा. चार कोपऱ्यांखाली विटा ठेवून केलेली चाचणी टाकीच मोडते. पहिल्या दिवशी पाव टाकी भरा, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी पाऊण आणि चौथ्या दिवशी नेहमीच्या पातळीपर्यंत. सर्व जोडांच्या बाहेरून तळाशी वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा. थेंब डोळ्यांना दिसण्याआधी कागद काळपट पडतो. पावसाळी दमट हवेत टाकीच्या बाहेरच्या अंगावर दव साचते आणि माणूस उगाच घाबरतो, पण दवाने सगळा कागद सारखा ओलावतो, तर गळतीने एकाच जागी डाग पडतो.

भिंतीचा फुगवटा मोजण्यासाठी समोरच्या वरच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. भरलेल्या टाकीत भिंत मधोमध पुढे येते, म्हणून दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरा त्यांवरून घ्या आणि मधोमध दोरा व भिंत यांतले अंतर रोज एकाच वेळी लिहून ठेवा. ठोकळ्याच्या जाडीपेक्षा हे अंतर जितके कमी, तितका फुगवटा. ॲक्रिलिक लवचीक असल्याने दोन-तीन मिलिमीटर फुगवट्याची मी काळजी करत नाही. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला किंवा पूर्ण भरल्यानंतर तिसऱ्या दिवशीही वाढतच राहिला, तर पाणी उपसतो. बहुतेक वेळा असे दिसते, की आधीच्या मालकाने फिल्टरची नळी किंवा दिवा बसावा म्हणून वरची पट्टी कापलेली असते. ती पट्टी केवळ शोभेची नसते, भिंतींना आत धरून ठेवण्याचे काम तिचे असते. आपल्या टाकीची पट्टी अखंड आहे का, हे मोजपट्टी लावून पाहा. भरलेली टाकी निदान आठवडाभर तशीच ठेवावी. त्या काळात रोज रात्री टॉर्च घेऊन कोपऱ्यातील रेषांची टोके पाहा आणि बाहेरून पेन्सिलीने बारीक खूण करा. रेषा खुणेच्या पुढे सरकली तर प्रश्न मिटला. ती टाकी माशांची नाही.

जोडांकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जोडाच्या आत तुरळक गोल बुडबुडे असतील तर ते टाकी बनवतानाचे असतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. जोडाच्या कडेपासून आत शिरणारा, झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला पांढुरका भाग मात्र जोड सुटत असल्याचे लक्षण आहे. अशा ठिकाणी लोक काचेच्या टाकीची सवय म्हणून सिलिकॉन भरतात. सिलिकॉन काचेला घट्ट धरतो, पण ॲक्रिलिकला तसा धरत नाही आणि काही महिन्यांत सालीसारखा निघतो. ॲक्रिलिकचे जोड द्रावकाने शीट विरघळवून एकजीव केलेले असतात. आपल्याकडचे बोर्ड बनवणारे कारागीर सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडून हेच करतात. पण घट्ट बसलेल्या, स्वच्छ, कोऱ्या कडांमध्येच पातळ द्रावक काम करते. जुन्या, फट पडलेल्या जोडात ते नुसते वाहून जाते आणि वाटेत क्रेझिंग करून जाते. दुरुस्ती करायचीच असेल तर आतल्या कोपऱ्यात ॲक्रिलिकची तिकोनी पट्टी ॲक्रिलिक सिमेंटने, म्हणजे दाट चिकट द्रावकाने बसवावी लागते. त्याआधी टाकी कित्येक दिवस पूर्ण वाळवावी लागते आणि हवाही कोरडी असावी लागते. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि जोड दुधासारखा पांढरा व कमकुवत होतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी जोडकाम घेतच नाही, ग्राहक कितीही घाईत असो. शिवाय ही द्रावके विषारी आहेत. बंद खोलीत आणि अनुभवाशिवाय हे काम कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकी आठवडाभर भरलेली असतानाच ओरखड्यांचा निर्णय घ्यावा, आणि इथे आपले बरेच कष्ट वाचणार आहेत. ओरखडा दिसतो तो प्रकाश तिथे वाकडातिकडा वळतो म्हणून. प्रकाश किती वळतो हे सांगणारा अपवर्तनांक हवेचा १, पाण्याचा १.३३ आणि ॲक्रिलिकचा १.४९ आहे. बाहेरच्या ओरखड्यात हवा असते, त्यामुळे फरक मोठा पडतो आणि तो ठळक दिसतो. आतल्या ओरखड्यात पाणी शिरले की फरक तिपटीने कमी होतो आणि ओरखडा फिका पडतो किंवा दिसेनासाच होतो. टाकी रिकामी असतानाही याची परीक्षा घेता येते. ओल्या बोटाने ओरखड्यावर पाणी ओढा आणि चार फुटांवरून पाहा. पाण्याखाली जो नाहीसा झाला, त्याला हात लावायचा नाही. आतून भीतीदायक दिसणाऱ्या दहा ओरखड्यांपैकी सात-आठ असेच निकाली निघतात, असा माझा अनुभव आहे. शेवाळ काढणाऱ्या लोहचुंबकाखाली खडा अडकून पडलेली एखादी खोल चरी आणि बाहेरून खुर्च्या-टेबले लागून झालेले ओरखडे, एवढेच काम उरते.

बाहेरच्या बाजूला स्प्रेने जी धूसर छटा आली आहे, तिच्यावरही टॉर्च तिरका धरून पाहा. आत चमकणाऱ्या रेषा दिसल्या नाहीत आणि नुसता धुरकटपणा असेल, तर पृष्ठभाग बारीक खरचटला आहे किंवा द्रवाचा थर वाळला आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन, प्लॅस्टिकसाठी मिळणारे बारीक पॉलिश मऊ कापडाने लावले की तो बहुधा जातो.

नख अडकणाऱ्या ओरखड्यासाठी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर लागतो; नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. हार्डवेअरच्या दुकानात ६०० पासून २००० नंबरपर्यंतचे पेपर सुटे मिळतात. नख जेमतेम अडकत असेल तर १००० पासून सुरुवात करावी, खोल असेल तरच ६०० घ्यावा. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळून, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सतत बुडवत काम करायचे. कोरडे घासले तर ॲक्रिलिक तापते आणि भुकटी पेपराला चिकटून नव्या चऱ्या पाडते. पहिल्या पेपरने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे आधीच्या नंबराच्या आडव्या रेषा पूर्ण गेल्या की नाही हे दिसते. एकही आडवी रेष उरली असताना पुढे जाऊ नका. ती २००० नंतर चमकत्या भिंतीवर केसासारखी उभी राहते आणि सगळे पुन्हा करावे लागते. नंबर बदलताना भिंत, ठोकळा आणि हात धुवावेत व बादलीतले पाणीही बदलावे. ६०० चा एक कण २००० च्या कामात आला तरी तासाभराची मेहनत वाया जाते.

फक्त ओरखड्यापुरतेच घासू नये. तिथे बशीसारखा खळगा होतो आणि पलीकडे पोहणारा मासा त्या जागी आला की त्याचे पोट फुगल्यासारखे दिसते. तळहाताएवढ्या ओरखड्यासाठी मी दीड फूट रुंद पट्टा घेतो आणि कडांकडे जोर कमी करत जातो. एवढ्या कामाला माझे तीन तास जातात, आपले पहिल्यांदा पाच जातील. २००० नंतर भिंत दुधी काचेसारखी दिसते, तिथे धीर सोडू नका. पॉलिशने ती उघडते. गाडीचे रबिंग कंपाउंड मी आतून कधीच वापरत नाही, कारण त्यात मेण, सिलिकॉन किंवा द्रावक असू शकते. मशीनचा बफ, म्हणजे पॉलिशचे फिरते चाक, नवख्या माणसाने टाळावा, एका जागी दोन क्षण अधिक थांबला तर पृष्ठभाग वितळतो. जोडांपासून बोटभर अंतर सोडूनच घासावे.

निर्जंतुकीकरणासाठी बाजारातले साधे, सुगंध नसलेले ब्लीच पुरे. वीस लिटर पाण्यात एक लिटर ब्लीच घालून ते टाकीत ओतावे आणि मोजे घालून स्पंजने सगळ्या भिंती पंधरा-वीस मिनिटे ओल्या ठेवाव्यात. नंतर भरपूर धुऊन, टाकी भरून त्यात क्लोरीन घालवणारे अँटिक्लोरीन म्हणजे हायपो नेहमीच्या दुप्पट टाकावा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी काढून टाकावे. वास उरला असेल तर हे पुन्हा करावे. वर सांगितलेल्या मायकोबॅक्टेरियावर ब्लीचपेक्षा अल्कोहोल अधिक प्रभावी असते, पण नेमके तेच आपल्याला वापरता येत नाही. म्हणून आधी घासून थर काढणे आणि जुनी वाळू, जुने स्पंज, नळ्या हे सगळे फेकून देणे याला ॲक्रिलिकच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे. रेस्टॉरंटवाल्यांना आधी कोणते औषध वापरले होते हेही विचारून घ्या. तांब्याचे औषध पडलेली वाळू पुढे कोळंबी आणि गोगलगायींना भोवते.

गोल्डफिशबद्दल. टाकी जागेवर बसवून, नवा फिल्टर चालू करून, माशांना घातक असे पाण्यातील अमोनिया आणि नायट्रायट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावे लागते आणि त्याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या एखाद्याच्या चालू फिल्टरमधील स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. फुगीर जातीचे तीन-चार गोल्डफिश या टाकीत सुखाने राहतील. नाशिकच्या थंडीत त्यांना हीटर लागणार नाही. उष्ण पाण्यातील मासे ठेवले तर हीटर जाळीच्या आवरणात आणि भिंतीपासून दूर लावावा. शेवाळ खाईल म्हणून दुकानदार हमखास सकर मासा गळ्यात मारतो, तो घेऊ नका. तो मोठा होतो आणि तोंडाने खरवडून ॲक्रिलिकवर खुणा पाडतो. नकोसा झाला म्हणून धरणात सोडायचाही नाही. उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यात तो कसा येऊ लागला आहे, ते तिथे कोणालाही विचारा.

आज रात्री टॉर्च धरून कोपऱ्याचा फोटो काढताना पट्टी आणि भिंत यांचा जोड त्यात यायला हवा. एक फोटो समोरून आणि दुसरा तिरक्या उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी धरा. ते दोन फोटो पाहिल्यावर वॉटर पेपर आणायचा की नाही, हे मला सांगता येईल.